आमच्या पाड्यावर आधारचं शिबिर लावायचंय, आधी काय काय निस्तरून ठेवावं?

सातपुडा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या एका झेडपी शाळेवर आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गावाला पाडे बरेच, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे टेकडी उतरायची आणि दुसरी चढायची. आता तहसीलमधून निरोप आलाय की आधारचं किट (नोंदणीचं मशीन आणि सामान) एखाद दोन दिवसासाठी गावात पाठवता येईल, तयारी शाळेने आणि ग्रामपंचायतीने मिळून करा.

गंमत बघा, देशातलं पहिलं आधार याच जिल्ह्यात दिलं गेलं. शहादा तालुक्यातलं टेंभली, २९ सप्टेंबर २०१०, खुद्द पंतप्रधान आले होते. तिथून घाट चढून वर आलं की आमचा तालुका, आणि इथे अजून अशी पोरं आहेत ज्यांचा कुठेच कागद नाही.

माझ्याकडे तीन प्रकारची मंडळी आहेत. एक, ज्यांचं आधारच नाही, ही बहुतेक लहान पोरं. दोन, ज्यांचं आहे पण नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळत नाही, म्हणून पोर्टलवर इनव्हॅलिड दाखवतं. तीन, ज्यांचं पाच वर्षाच्या आत निळं आधार काढलं होतं आणि नंतर ठसे द्यायला कोणी नेलंच नाही. संचमान्यतेला (पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवतात त्याला) आधार व्हॅलिड असलेलीच मुलं धरतात त्यामुळे वरून रोज विचारणा असते, पोरगं वर्गात माझ्यासमोर बसलेलं असतं पण कागदावर ते नसतं.

तर ज्यांनी अशी शिबिरं केली आहेत त्यांनी सांगा, किट यायच्या आधी काय करून ठेवलं तर दोन दिवस वाया जाणार नाहीत?

किटवाला

गुरुजी, मी बरीच वर्ष आधार ऑपरेटर होतो, आता सोडलं. थोडं लांब लिहितो.

पहिली गोष्ट, ऑपरेटर म्हणजे नुसतं बटन दाबणारा नाही. परीक्षा पास करावी लागते, मशीनमध्ये लॉगिन त्याच्या स्वतःच्या ठशाने होतं, प्रत्येक नोंदणीवर शेवटी त्याचाच अंगठा लागतो. म्हणजे चूक निघाली की माणूस कोण ते लगेच कळतं, दंड त्याला बसतो, सस्पेंड तो होतो. त्यामुळे शिबिरात ऑपरेटरला "करून टाका हो साहेब, नंतर बघू" म्हणू नका. दबावाखाली केलेलं रिजेक्ट होऊन येतं आणि लोकांचा एक दिवस मजुरीसकट जातो.

सगळ्यात वाईट प्रकार गर्दीचा. आई कडेवर एक पोर घेऊन बसते, दुसरं मागे उभं, ऑपरेटर एकाचं नाव टाइप करतो आणि हात दुसऱ्याचा ठेवला जातो. मिक्स बायोमेट्रिक. हे तेव्हा कोणाला कळत नाही, पुढे त्या दुसऱ्या पोराची नोंदणी करायला गेलं की डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट, आणि मग निस्तरणारा निस्तरत बसतो. त्यामुळे खोलीत एका वेळी एकच कुटुंब आणि खुर्चीवर एकच माणूस, बाकी सगळे बाहेर. दाराशी एखादा खमक्या माणूस उभा करा, पोलीस पाटील असले तर उत्तम.

दुसरं, किटला नेट लागणारच हे धरून चाला. तुमच्या शाळेत रेंज नसेल तर जिथे रेंज आहे तिथेच लावा, मग ते टेकडीवरचं एखादं घर का असेना. वीज जाणार हे पण धरून चाला. आणि किट ज्या जागेसाठी नोंदवलंय तिथून हलवायला परवानगी लागते, ती कागदावर झालीय का हे तहसीलला आधी विचारा, नाहीतर ऑपरेटर येईल आणि मशीन लॉगिनच घेणार नाही.

सातपुडा_मास्तर

रेंजचं बरोबर सांगितलंत दादा. शाळेत एक काडी येते आणि जाते. वरच्या पाड्यावर मिळते पण तिथे वीज नाही. जनरेटर बघावा लागेल.

ग्रामसेवक_निवृत्त

मास्तर, सगळं घोडं जन्मनोंदणीत अडतं. किटचं राहू दे बाजूला, आधी जन्माचं रजिस्टर उघडा.

आपल्याकडे ग्रामीण भागात जन्ममृत्यूचा निबंधक म्हणजे ग्रामसेवक, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. २१ दिवसाच्या आत कळवलं तर काम साधं. महिन्याच्या पुढे गेलं की वरची परवानगी, आणि वर्ष उलटलं की थेट जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि २०२३ ला कायदा बदलला, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोराला जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणजे आज अंगणवाडीत जाणाऱ्या पोराचा दाखला नसेल तर आधार नाही, आणि दाखला काढायला जा तर वर्ष उलटून गेलेलं.

तुमच्या भागात तर आणखी एक त्रांगडं आहे. दिवाळीनंतर लोक गुजरातेत ऊसतोडीला जातात, बाळंतपण तिथेच पडावावर होतं. जन्म जिथे झाला तिथेच नोंद व्हायला पाहिजे हा नियम. मग ती नोंद तिकडच्या गावात. इकडचा ग्रामसेवक म्हणतो माझ्या हद्दीत जन्म नाही, मी कशी घालू, आणि तो चूक नाही बोलत. आईबापाला त्या गावाचं नाव पण धड आठवत नाही, फक्त मुकादमाचं नाव माहीत असतं.

तेव्हा तुम्ही आत्ता एक करा. आशाताई आणि अंगणवाडीताई यांची रजिस्टरं घेऊन बसा, आरोग्य केंद्रातलं प्रसूतीचं रजिस्टर मागवा, आणि कुठल्या पोराचा जन्म घरी, कुठल्याचा दवाखान्यात, कुठल्याचा गुजरातेत अशी यादी करा. वर्ष उलटलेली प्रकरणं एकेक करून तहसीलला धाडण्यापेक्षा गठ्ठ्याने द्या. एकट्या बाईला दारात उभं करतात, गठ्ठा घेऊन सरपंच गेले की टेबलावर घेतात.

अनामिका_प

काका, म्हणजे शेवटी ज्याच्यामागे सरपंच उभा त्याचं काम होणार. ज्याच्यामागे नाही त्याने काय करायचं?

ग्रामसेवक_निवृत्त

ताई, तसंच आहे. मी नोकरीत होतो तेव्हाही तसंच होतं. मी नियम सांगितला आणि रस्ता सांगितला, न्याय सांगितला नाही.

तटस्थ_माणूस

मास्तर, तुमची तळमळ कळते पण मला मूळ गोष्टीलाच आक्षेप आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही, आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवायचा नाही. मुलाचं आधार काढायला पालकांची संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मूल अठरा वर्षाचं झालं की सहा महिन्याच्या आत आपला नंबर रद्द करून घेऊ शकतं. हे सगळं कागदावर असताना तुमची संचमान्यता आधारवर का?

म्हणजे मुलाला सक्ती नाही म्हणायचं, आणि शिक्षकाचं पद मात्र आधारवर मोजायचं, मग शिक्षकच घरोघर जाऊन सक्ती करणार. वरचा मोकळा. आणि तुम्ही लोक पण "कसं करायचं" विचारता, "का करायचं" विचारत नाही.

सातपुडा_मास्तर

तटस्थराव, का करायचं ते मी रोज विचारतो, पण संध्याकाळी पोर्टल भरायला मीच बसतो. एक पद गेलं की चार वर्ग एका मास्तरवर. मग ती पोरं न्यायालयाचा निकाल वाचण्याइतकं तरी शिकणार का? तुमचा मुद्दा खोटा नाही. पण या गावात आधार नको म्हणणारा अजून कोणी भेटला नाही, आधार मिळत नाही म्हणणारे सगळे. रेशनच्या पॉस मशीनवर अंगठा लागतो, मजुरीचे पैसे खात्यात येतात, लाडक्या बहिणीला ई-केवायसी. संमती घेतो मी, फॉर्म वाचून दाखवतो, पावरी बोलीत समजावून सांगतो. पण नाही म्हटलं तर काय होईल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

तटस्थ_माणूस

त्याला संमती म्हणत नाहीत एवढंच म्हणतो. बाकी तुमच्याबद्दल आदरच आहे.

जर्मनीकर

इथलं सांगू का थोडं, कंटाळा आला तर स्किप करा. जर्मनीत ओळखपत्र अख्ख्या देशाचं एकच, सोळाव्या वर्षानंतर प्रत्येक नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पासपोर्ट पाहिजेच, पण ते देतं नगरपालिकेचं ऑफिस. रहिवाशांचं रजिस्टर पण नगरपालिकेकडे. मी परदेशी असलो तरी घर बदललं की दोन आठवड्यात त्याच ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. ऑगस्ट २०२१ पासून कार्डावर बोटांचे ठसे सक्तीचे झाले पण ते कार्डाच्या चिपमध्येच राहतात, देशभराचा ठशांचा साठा कुठे ठेवत नाहीत.

मला यात फरक असा दिसतो की इथे चुकीचं छापलं तर ज्या खिडकीने छापलं तीच खिडकी दुरुस्त करते. आपल्याकडे गावात नोंदणी होते, पडताळणी दुसरीकडे, दुरुस्ती तिसरीकडे, आणि त्रास परत गावात. बाकी इथेही अपॉइंटमेंट मिळायला रडारड असते हो, स्वर्ग नाहीये.

किटवाला

जर्मनीकर, आपल्याकडे पण सुरुवातीला खाजगी एजन्सी गल्लोगल्ली टेबल टाकून करायच्या. तक्रारी वाढल्यावर २०१७ ला सगळी केंद्रं सरकारी जागेत, बँकेत, पोस्टात हलवली. गैरप्रकार कमी झाले हे खरं, पण खेड्यातली टेबलं उठली ती उठलीच. शहरात पोस्ट आणि बँक जवळ असते. मास्तरांच्या पाड्यावरून जवळची बँक गाठायची तर दिवस जातो.

वर्गशिक्षिका_बीड

सर, मी पण शिक्षिकाच, ऊसतोड पट्ट्यातली. नावाच्या घोळाबद्दल लिहिते कारण अर्ध्याहून जास्त इनव्हॅलिड तिथेच आहेत.

आमच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं, वडिलांचं, आडनाव. काही ठिकाणी वडिलांचं नावच नाही, काही ठिकाणी घरातलं लाडाचं नाव. आईचं तर विचारूच नका, माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं एक, रेशनकार्डावर तिसरं. आणि जन्मतारीख! सुरुवातीच्या शिबिरात ज्याला तारीख सांगता आली नाही त्याची १ जानेवारी पडली, शाळेत ज्याला सांगता आली नाही त्याची १ जून. आता दोन्ही खोट्या तारखा एकमेकींशी जुळवायच्या.

आम्ही काय केलं ते सांगते. आधी ठरवलं की कुठला कागद खरा धरायचा. जन्मदाखला असेल तर तोच, आणि शाळेची नोंद त्यानुसार रीतसर प्रस्ताव पाठवून दुरुस्त करून घ्यायची. पुष्कळ शिक्षक उलटं करतात, शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आधार बदलायला पाठवतात, आणि पोरगं दहावीला गेलं की परत तोच गोंधळ. कारण आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. ती एक संधी घाईत संपवली तर नंतर मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयापर्यंत प्रकरण जातं. म्हणून शिबिराच्या गर्दीत जन्मतारखेची दुरुस्ती शक्यतो करूच नका, आईवडिलांना शांतपणे बसवून कागद बघून मग करा.

आणि मराठीतलं नाव स्क्रीनवर पालकाला वाचून दाखवा. इंग्रजी टाइप केलं की मराठी आपोआप येतं आणि काहीही येतं.

किटवाला

+१ ताई. ऑपरेटरसमोर दुसरा स्क्रीन असतो तो लोकांकडे वळवायचाच, नियमच आहे तो. पण समोरच्याला वाचता येत नसेल तर नुसता वळवून काय उपयोग, म्हणून वाचणारं माणूस शेजारी बसवा. सातवी आठवीतली पोरगी बसवली तरी चालते, मोठ्यांपेक्षा त्या नीट वाचतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, निळ्या आधारवाल्यांचं सोपं आहे. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे आणि डोळे अपडेट करायचेच असतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते फुकट आहे, शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभरासाठी ७ ते १५ वाल्यांचं पण फुकट केलंय. यूडायस प्लसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर) कोणाचं पेंडिंग आहे ते आता दिसतं, यादी तिथून काढा. नवीन नोंदणी कायमच फुकट. त्यात कोणी पैसे मागितले तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला फोन.

पाचच्या आतल्यांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो आणि आई किंवा बापाचा अंगठा. मात्र ज्या पालकाचं आधार जोडणार तोच पालक हजर पाहिजे. आजी घेऊन आली तर काम होत नाही. आणि या चिमुकल्यांसाठी किटची वाट बघू नका, पोस्ट पेमेंट बँकेचे पोस्टमन दादा टॅब घेऊन येऊन पण करतात, मोबाईल नंबर पण तेच जोडून देतात. तेवढा बोजा शिबिरातून कमी होईल.

नर्मदाकाठची

मास्तर, मी पण त्याच तालुक्यातली, आता नाशिकला असते. तारीख कधीची ठरवताय? दिवाळीनंतर लावलं तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्रीच सापडतील. होळीच्या आधी लावा. भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात सगळे घरी येतात, गुजरातेतले पण येतात. पण बाजाराच्या दिवशी नाही हं, त्या दिवशी कोणी तुमच्या मशीनसमोर बसणार नाही.

आणि बायकांची वेळ वेगळी ठेवा. दुपारी. सकाळी पाणी आणि लाकूड असतं.

सातपुडा_मास्तर

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. तहसीलवाले डिसेंबर म्हणत होते. आजच पत्र देतो की होळीच्या आधीचा आठवडा द्या.

जुना_बँकर

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. आधार निघालं म्हणजे पैसे आले असं नाही. पैसे येतात ते एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत) आधारला जोडलेल्या खात्यात, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. शेवटी जिथे जोडलं तिथे जातात. लोकांनी शहरात कामाला गेल्यावर दुसरं खातं उघडलेलं असतं, कोणीतरी अंगठा घेऊन तिथे जोडलेलं असतं, आणि बाई गावच्या बँकेत येऊन भांडते की माझे पैसे कुठे. मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं पण त्याला ओटीपी लागतो, आणि ओटीपीला जोडलेला मोबाईल लागतो. तो नंबर बहुतेक वेळा मुलाचा, मुलगा सुरतेला.

म्हणून शिबिरात जमलं तर मोबाईल नंबर अपडेट करणाऱ्यांची वेगळी रांग करा. बाईचा स्वतःचा नंबर असेल तर तोच टाका, दुकानदाराचा किंवा एजंटाचा नको. हे फार होतं.

अनामिका_प

ज्यांचे ठसे उमटतच नाहीत त्यांचं काय? माझी आजी, आयुष्यभर शेतात काम. रेशन दुकानात दर महिन्याला अंगठा घासून घासून लाल होतो.

किटवाला

ताई, नोंदणीत दहा बोटं आणि दोन डोळे घेतात ते म्हणूनच, एक नाही तर दुसरं चालावं. ठसे येत नसतील तर बुबुळावर नोंदणी होते, दोन्ही नसेल तरी होते, बायोमेट्रिक एक्सेप्शन म्हणतात. कोणी "बोटं नाहीत, होत नाही" सांगून परत पाठवलं तर ते चूक आहे. आजीचे ठसे पुन्हा अपडेट करून बघा, कधीकधी दुसरं बोट चांगलं लागतं. दुकानात पण अंगठाच पाहिजे असं नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं, पण दुकानदार सवयीने अंगठाच मागतो.

तटस्थ_माणूस

बघा, माहिती आहे पण दुकानदाराला कोणी सांगितलेली नाही. आणि अंगठा लागला नाही की आजीलाच वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

ग्रामसेवक_निवृत्त

मास्तर, अजून एक. अठरा वर्षांवरचं कोणी पहिल्यांदाच आधार काढणार असेल तर ते शिबिरात लगेच होईल असं सांगू नका. मोठ्यांच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, वेळ लागतो, कधी महिने जातात. पावती जपून ठेवायला सांगा, तिच्यावरच्या नंबरावरून स्थिती कळते. पत्त्याच्या पुराव्यासाठी सरपंचाचं प्रमाणपत्र चालतं पण ते ठरलेल्या नमुन्यातच पाहिजे, साध्या लेटरहेडवर नाही. फोटोवर अर्धा शिक्का आला पाहिजे. निम्मी रिजेक्शनं या शिक्क्यापायी होतात असं आमचे ऑपरेटर म्हणायचे, खरंखोटं देव जाणे.

आणि तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयाला पण कळवून ठेवा. आदिवासी विभागाचं मनुष्यबळ आणि गाडी मिळाली तर पाड्यांवरून म्हाताऱ्यांना आणता येईल.

सातपुडा_मास्तर

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलंय. आज आशाताईंसोबत बसलो. एका पाड्याची यादी झाली, त्यातली बरीच पोरं गुजरातेत जन्मलेली निघाली. दोन भावांची जन्मतारीख एकच लिहिलेली आहे आणि ते जुळे नाहीत. आई म्हणते थोरला पुराच्या वर्षी झाला आणि धाकटा आंबे चांगले आले होते तेव्हा. आता पुराचं वर्ष कुठलं ते पोलीस पाटलांना विचारतोय.

किटवाले दादा, एक राहिलं. वर्गखोलीच्या भिंतींवर सगळी चित्रं काढलेली आहेत, फोटोला चालेल का?

किटवाला

नाही चालणार, मागे पांढरंच पाहिजे. पडदा किटसोबत असतो पण बऱ्याचदा फाटका किंवा मळका असतो. घरून एक पांढरी चादर आणा, इस्त्री केलेली, सुरकुत्यांची सावली पडते. आणि खिडकी पोराच्या पाठीमागे येणार नाही अशी खुर्ची मांडा.